वीस बाइट

काम व्हायला हवं होतं त्यापेक्षा फारच लवकर झालं, आणि भाग्यश्रीला खटकलं ते तेच. एरवी कुठलंही काम झटपट उरकलं की माणसाला बरं वाटतं. डेटाबेस सांभाळण्याची नोकरी करणाऱ्याला मात्र संशय येतो. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात लहान मुलांच्या आकडीवर उपचार होत असत. डॉक्टरांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी त्या डेटाबेसमध्ये होत्या: कुठल्या मुलाला केव्हा आकडी आली, किती वेळ टिकली, कुठलं औषध किती दिलं, कशानं अंगावर पुरळ उठलं, कशानं मूल दिवसभर झोपूनच राहिलं. जुन्या सर्व्हरची डिस्क आठवडाभर कुरकुरत होती, म्हणून रविवारी, दवाखाना बंद असताना, तिथेच बसून सगळं नव्या मशीनवर न्यायचं ठरलं होतं. तिनं आदल्या दिवशीचा बॅकअप घेतला, नव्या मशीनवर तो उलगडायची कमांड दिली, आता तासभर तरी निवांत म्हणून डब्याला हात घातला, तर झाकणाची कडी निघायच्या आत काळ्या पडद्यावर पुढची ओळ येऊन लुकलुकायला लागली होती. तक्रार नाही, चूक नाही. झालं म्हणे. तिनं आतली टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, दाखवायला सांगितली. एकही नव्हतं.

डबा तसाच ठेवून तिनं बॅकअपच्या फायली पडद्यावर काढल्या. रोजची एक फाइल, नावात तारीख, एकही दिवस चुकलेला नाही. गणपतीतही नाही, दसऱ्यालाही नाही. रोज सकाळी ऑफिसात आल्यावर ती इथे एक नजर टाकायची, सगळ्यात खाली आजची तारीख दिसली की चहाला जायची. तारखेच्या शेजारी फाइल केवढी आहे तेही दिसतं, पण तिकडे डोळे जात नव्हते. आता गेले. वीस बाइट. त्याच्या वर वीस बाइट, त्याच्याही वर वीस बाइट, थेट पडद्याच्या टोकापर्यंत. रिकामी फाइल दाबून बंद केली तरी वरच्या वेष्टनाला म्हणून तेवढी जागा लागतेच, आत काही असो वा नसो. म्हणजे रोज एक रिकामा लिफाफा, वर तारीख घालून, नीट चिकटवून, ती रचून ठेवत आली होती. आणि जुने, भरलेले लिफाफे? महिन्यापेक्षा जुनी फाइल आपोआप पुसली जावी, हीसुद्धा तिचीच व्यवस्था. उगीच जागा अडायला नको म्हणून.

बॅकअपची, रोज आपोआप चालणारी स्क्रिप्ट तिनं स्वतः लिहिली होती. चार ओळींचा मामला. उघडल्याबरोबर तिला कळलं, कारण आत जुना पासवर्ड होता. सर्व्हर तिच्या स्क्रिप्टला रोज दारातूनच परत पाठवत होता, आणि परत पाठवताना तसं स्पष्ट सांगतही होता. पण ते सांगणं कुठे पोचतच नव्हतं. हा बॅकअप घेणारा प्रोग्राम मुळात कटकट्या. पासवर्ड असा कमांडमध्ये उघड्यावर लिहिणं बरं नव्हे, अशी रोज त्याची एक ठरलेली कुरकुर असायची आणि रोज त्याची मेल यायची. कंटाळून तिनं ओळीच्या शेवटी चार अक्षरं जोडली होती, म्हणजे त्याची जी काही तक्रार असेल ती परस्पर फेकून दिली जाईल, कुणाच्या कानावर येणार नाही. या धंद्यात सगळेच असं करतात. एका निरुपद्रवी कुरकुरीसाठी केलेल्या त्या सोयीनं पुढे खरा आकांतही गिळून टाकला. पासवर्ड कधी बदलला हे सर्व्हरला विचारलं तर तो तारीख सांगतो. तिनं विचारलं नाही. तिला ती तारीख आठवत होती.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळची वेळ. सर्व्हरवर नवा पासवर्ड तिनं नुकताच घातला होता, आता तो स्क्रिप्टमध्ये घालायचा एवढंच राहिलं होतं, आणि फोन वाजला. बाबांचा नंबर. पण बाबा स्वतः कधी फोन करत नसत. फोन त्यांचा, बोलणं आईचं, असंच घरी चालायचं. म्हणून ती सवयीनं 'बोल गं' म्हणाली आणि पलीकडून बाबांचा आवाज आला, अगदी पुस्तकी मराठीत. "भाग्यश्री, तू निघून ये. आई गेली." तिनं खुर्ची मागे सारली ती तशीच. पुण्याहून वर्धा, वर्ध्याहून एसटीनं आर्वी. तेरवी आटोपून परत आली तेव्हा मशीन होतं तसंच होतं, आणि मनात कुठेतरी खूण बसून गेली होती की पासवर्डचं काम झालेलं आहे. अर्धं झालं होतं. त्या सकाळचं सगळंच अर्धं राहिलं होतं, हे तिला या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

तिनं नाजिमा मॅडमना फोन लावला. ती काम करायची ती कंपनी त्यांचीच, छोटी, पाच-सहा माणसांची. पुण्यात त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि मराठी अशी की भाग्यश्री त्यांच्याशी बोलताना आपलं वाक्य आधी मनात तपासून घ्यायची.

"मॅडम, एक गोष्ट सांगायची होती."

"रविवारी दुपारी कुणी चांगली गोष्ट सांगायला फोन करत नाही. सांगा."

तिनं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग कुणीतरी गॅस बंद केला.

"म्हणजे जानेवारीपासून आपण त्या डॉक्टरांना दर महिन्याला 'बॅकअप व्यवस्थित' असं कळवतोय. वा. वीस बाइटमध्ये अहो तुमचं-माझं नावही मावायचं नाही. मूळ डेटा शाबूत आहे?"

"आहे. पण त्या डिस्कची काही—"

"डिस्कचं मला ठाऊक आहे. ते मशीन आता बंद करू नका. एकदा झोपलं तर उठेलच असं नाही. टेबलं एकेक करून बाहेर काढायला लागा. मी येते."

"मॅडम, चूक माझी आहे."

"त्यासाठी उद्याचा अख्खा सोमवार आहे आपल्याकडे."

भाग्यश्रीनं आधी छोटी टेबलं काढली. डॉक्टर, औषधं, पत्ते. प्रत्येकाची वेगळी कमांड, वेगळी फाइल, आणि आता प्रत्येक फाइल केवढी झाली ते बघायचं, तिची सुरुवात बघायची, शेवट बघायचा. बाहेर पेठेत रविवारची सामसूम होती. एखादी स्कूटर यायची, जायची. दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेला जिराफ मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. जुन्या मशीनमधून मधूनच टक् असा आवाज यायचा, डिस्कची सुई एकाच जागी अडखळल्यासारखा, आणि मग पुन्हा घरघर सुरू व्हायची. नकळत तिनं पेटीवर तळहात ठेवला. बाबा असेच ठेवायचे, बसच्या बॉनेटवर. आर्वीच्या डेपोत ते मेकॅनिक होते. लहानपणी तिला सोबत नेऊन, तापलेल्या इंजिनासमोर उभं करून म्हणायचे, "डोळे मीट अन् आयक. कोन्तं सिलिंडर मिस मारून राह्यलं, सांग." तिला कधीच ओळखता आलं नाही. त्यांना गाडी डेपोच्या फाटकातून आत यायच्या आधी कळायचं. किती बोलायचे तेव्हा. त्या माणसाचा आवाज कधी आटला?

खरं तर तिला माहीत होतं कधी आटला. पुण्याला कॉलेजात आली त्या पहिल्या आठवड्यात होस्टेलच्या मुली तिच्या 'मले-तुले'ला हसल्या, आणि तिनं ते शब्द असे टाकले की जिभेवर कधी नव्हतेच. पुढच्या फोनवर ती घरच्यांशीही पुण्याचं बोलली. आईनं दुर्लक्ष केलं. "काय वं, नाकातून काहून बोलून राह्यली, सर्दी झाली का?" एवढं म्हणून आपलं वऱ्हाडी तिनं शेवटपर्यंत चालूच ठेवलं. बाबा मात्र गप्प झाले, आणि पुढच्या खेपेपासून तिच्याशी डेपो मॅनेजरशी बोलावं तसं बोलायला लागले. जेवण झाले का. प्रकृती कशी आहे. लेक शिकली याचा तो मान होता. त्या मानानं दोघांच्या मध्ये काय उभं केलं ते तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

आई होती तोवर निभावलं. आईचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. धायरीच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवून भाग्यश्री भाजी चिरायची, आणि आई बोलत असायची. गुडघा दुखते. शेजारची सरुबाई कपडे वाळू घालते ते आपल्या भिंतीवर. नळ उशिरा येऊन राह्यला. छातीत भरल्यावानी होते. मेथी एवढीशी अन् भाव केवढा. तू लग्नाचं काय ठरवलं. सगळं एका सुरात, एका श्वासात. हिचं आपलं 'हो गं', 'दाखव ना मग डॉक्टरला', 'बरं, पुढे'. छातीचं त्यात किती वेळा आलं होतं? फक्त एकदा नक्कीच नाही. ती आठवायला लागली की दर वेळी आईच्या बोलण्यात मेथीच्या अलीकडे ते तिला ऐकू यायचं, स्वच्छ. तेव्हा ऐकलं नव्हतं. रोजचीच कुरकुर म्हणून तिनं ती परस्पर फेकली होती, कानावर येऊच दिली नव्हती. या आठवणीनं तिला इतकी लाज वाटली की रिकाम्या दवाखान्यातही तिनं चेहरा हातांनी झाकून घेतला.

सगळ्यात मोठं टेबल, आकडीच्या नोंदींचं, अर्ध्यावर येऊन तुटलं. वाचता येत नाही, असं सर्व्हर म्हणाला. पुन्हा कमांड दिली, पुन्हा त्याच जागी तुटलं. मग तिनं त्याचे तुकडे केले. या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत एक फाइल, पुढे दुसरी. चांगले तुकडे आधी हाती लागू देत, मग त्या अडलेल्या जागेच्या अलीकडून आणि पलीकडून, जेवढं मिळेल तेवढं. टक्. थांबायचं. पुन्हा. ही पेटी बंद पडली तर कुणाच्या मुलाला कुठलं औषध सोसलं नव्हतं ते सांगायला जगात दुसरी जागा नाही, हे तिला कमांडच्या प्रत्येक ओळीला आठवत होतं. आणि त्याच्याच खालून दुसरं काहीतरी वर येत होतं. तिला आईच्या शेवटच्या सकाळबद्दल काय माहीत होतं? काहीच नाही. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच वाक्य सांगत, काही त्रास झाला नाही, आणि तिनंही ते वाक्य तसंच उचलून पुण्याला आणलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं. आत काय आहे ते उघडून पाहिलं नव्हतं. त्या सकाळी घरात बाबांखेरीज कुणी नव्हतं. जे काही होतं ते एकट्या त्यांच्याचजवळ होतं. आणि मे महिन्यात त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, हृदयाचे ठोके चुकतात म्हणून. हे तिला पंधरा दिवसांनी सरुबाईकडून कळलं. विचारल्यावर ते म्हणाले होते, "उत्तम." रोज संध्याकाळी तिचा फोन जायचा, एकही दिवस चुकला नव्हता. जेवलात का. जेवलो. तब्येत. उत्तम. बरं, ठेवते.

नाजिमा मॅडम आल्या त्या हातात वाटीभर खिमा आणि पोळ्या घेऊनच. "आधी खा. उपाशी माणसाच्या कमांडवर माझा विश्वास नाही," म्हणाल्या आणि जुन्या मशीनसमोर जाऊन बसल्या. भाग्यश्रीनं उभ्याउभ्याच खाल्लं. मग सगळे तुकडे नव्या मशीनवर नेले, उलगडले. या वेळी त्याला वेळ लागला, आणि तो लागतोय हे बघून ती रडायच्या बेतात आली. शेवटची ओळ आली, टेबलं दिसली. ती म्हणाली, "झालं, मॅडम."

"कशावरून?"

भाग्यश्रीनं टेबलांच्या यादीकडे बोट दाखवलं.

"फाइल झाली म्हणजे बॅकअप झाला, हे आपण नऊ महिने मानलं. आता वाचून दाखवा. मी इकडे मूळ उघडते, तुम्ही तिकडचं मोठ्यानं वाचा. चुकलं तर टोकेन."

मॅडमची ही पद्धत ऑफिसात चेष्टेचा विषय होती. यंत्राची मोजणी जुळली तरी शेवटी एक माणूस वाचणार आणि दुसरा पडताळणार. भाग्यश्री वाचायला लागली. एक मुलगा, विश्रांतवाडीचा. पहिली आकडी तापात. औषधाचं नाव, मात्रा. दुसरी आकडी शाळेत. "हं," मॅडम म्हणायच्या, "पुढे." शांत खोलीत नुसते दोघींचे आवाज, आणि मधून ते टक्. बऱ्याच मुलांचं वाचून झालं. एका मुलीपाशी आल्यावर मॅडम म्हणाल्या, "इथे माझ्याकडेच उघडत नाहीये. तुमच्याकडे?"

"मार्चच्या पुढे एकदम एप्रिलचा शेवट आहे. मधलं वाचताच आलं नाही. खूप वेळा केलं." आणि तिच्या तोंडून घाईघाईनं निघून गेलं, "आधीची आणि नंतरची मात्रा सारखीच आहे मॅडम. मधली पण तीच असणार. भरून टाकू का?"

नाजिमा मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, पण बोलल्या त्या आवाजात नेहमीची फिरकी नव्हती. "नको. जे मिळालं नाही तिथे मिळालं नाही असंच राहू द्यायचं. डॉक्टरांना सांगू, इथे जागा कोरी आहे. कोरी जागा दिसली तर माणूस विचारतो तरी. भरली की मग कुणी विचारत नाही."

मॅडम स्कूटर घेऊन निघून गेल्या तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. भाग्यश्री दवाखान्याच्या बाकावर बसली, मुलं नंबर यायची वाट बघतात त्या बुटक्या बाकावर. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. रोजच्या वेळेला अजून अवकाश होता, तरी तिनं बाबांना फोन लावला.

"काय झालं?" बाबांनी फोन उचलताच विचारलं. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा..." तिनं वाक्य मनात तपासलं नाही. "बाबा, त्या दिवशी सकाळी काय झालं? आईचं. मले सांगा."

फोन कटला की काय म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला. नंतर त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग आवाज, पुष्कळ वर्षांपूर्वीचा, तापलेल्या इंजिनासमोरचा.

"तुरीच्या शेंगा आनल्या होत्या मी. सोलेभात करतो म्हने ती. वसरीत बसून सोलून राह्यली होती. निळं पातळ होतं. मी नळावर होतो. नळ उशिरा आला होता त्या दिवशी, पान्याचा गुंड भरून राह्यलो होतो. तं तिनं आतून काहीतरी म्हटलं. मोठ्यानं नाही वं. असंच, बोलते तसं. मले आयकू नाही आलं. पान्याचा आवाज होता. मी म्हटलं थांब, आलो. गुंड भरला, नळ बंद केला, मंग आलो. तं टोपलं कलंडलं होतं, अन् सोले सगळे..."

तिनं फोन कानाशी आणखी दाबला.

"काय म्हटलं असंन तिनं? फाटकातून गाडी आली का मी सांगत होतो काय बिघडलं तं. अन् घरातल्या मानसाचं नाही आयकू आलं मले. लोकं विचारत होते, काही बोलल्या का शेवटी. काय सांगू? काही त्रास नाही झाला म्हटलं. पानी मांगतलं असंन, भाग्या. नाही तं तुह्यं काही असंन. नाही तं..."

सहज काहीतरी म्हणाली असेल बाबा, भाताचंच असेल, हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. ते बोलणं फार सोपं होतं, आणि त्यानं दोघांनाही क्षणभर बरं वाटलं असतं. समोर जिराफ मान वाकडी करून उभा होता. तिनं डोळे पुसले आणि ते वाक्य तसंच ठेवलं.

"बाबा, आयका. मी सांगते आता. चुकलं तर टोकजा."

"हं."

"तुरीच्या शेंगा होत्या. आई वसरीत सोलून राह्यली होती. निळं पातळ होतं, मी दिवाळीले आनलेलं."

"नाही वं. ते घडी घालून ठेवलं होतं. हे जुनं, काठ गेलेलं."

"जुनं. काठ गेलेलं. तुम्ही नळावर होते. नळ उशिरा आला होता. गुंड भरून राह्यले होते. आतून आईनं काहीतरी म्हटलं."

"हाव."

"ते तुम्हाले आयकू नाही आलं."

आर्वीच्या घरातला पंखा फिरताना तिला ऐकू येत होता. एका पात्याला फिरताना किंचित घासल्यासारखा आवाज होता.

"हाव," ते म्हणाले. "तेवढं नाही."

"तेवढं नाही," ती म्हणाली. "मग तुम्ही नळ बंद केला, अन् आले."

मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि लहान मुलानं मागावं तसं त्यांनी मागितलं.

"अजून एक डाव सांग."

तिनं पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली, आणि तुरीच्या शेंगांपासून पुन्हा सुरुवात केली.